घड्याळातला उजेड

सिंगापूर पडलं आणि पलटणीतल्या आकारामची खबर बंद झाली. शेवटच्या रजेवर आला तेव्हा तो आपलं रेडियमचं घड्याळ घरी ठेवून गेला होता. अंधारात त्याचे आकडे हिरवे चमकत. त्याची आई राहीबाई म्हणाली, "ह्यो उजेड हाय तवर माझा ल्योक हाय." झालं! म्हातारीच्या त्या एका बोलावर सून रंगूबाईचं कुंकू टिकलं. भावकीतल्या बायकांच्या जिभा वळवळायच्या, पण म्हातारीपुढं कुणाची टाप नव्हती.

लढाई संपली. कैदेतले शिपाई सातारा रोड स्टेशनवर उतरले, आकाराम उतरला नाही. त्यात आकडे मंद व्हायला लागले. रंगूबाई रोज दुपारी कोठीच्या अंधारात जाऊन घड्याळ पाहायची आणि बाहेर येऊन कुंकू नव्यानं लावायची. उजेड विझला की हेही पुसायचं, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

धाकटा दीर लालासाहेब सांगलीला कॉलेजात फिजिक्स शिकत होता. बाँब पडल्यापासून अणूच्या तासाला वर्गात पाय ठेवायला जागा नसे. सरांनी सांगितलं, रेडियमचा अणू आपोआप फुटतो, त्यातून उडालेला कण घड्याळाच्या रंगावर आपटतो आणि ठिणगी पडते. मार खाऊन खाऊन रंग काही वर्षांत निकामी होतो. रेडियम मात्र सोळाशे वर्षांनीही निम्मं उरतं. लालासाहेबाला तिथूनच उठून गाव गाठावंसं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो सरांचं भिंग मागून घेऊन आला. वहिनीला कोठीत नेलं, दार लावलं, डोळे अंधाराला सरावू दिले.

"वैनी, ठिणग्या दिसत्यात? एकेक ठिणगी म्हंजे एकेक अणू फुटतोय. उजेड कमी झाला त्यो रंग झिजला म्हणून. दादाचा त्येच्याशी कायबी संबंध न्हाई."

बिचारा केवढ्या आनंदानं बोलत होता! रंगूबाईनं भिंगावरचा डोळा काढला नाही.

"मंजी हे इझलं तरी त्येंना काय झालं, आसं न्हाई?"

"अजाबात न्हाई."

"आन् भावजी, इतकी वरसं उजळत व्हतं, तवा?"

लालासाहेबाचा हात दाराच्या कडीकडं गेला.

"तवाबी संबंध न्हवताच की," ती हळूच म्हणाली.

दाराबाहेर राहीबाई बसून होती. "हाय का गं उजेड?" तिनं विचारलं.

"हाय, आत्याबाई. लय हाय," रंगूबाई म्हणाली आणि चुलीकडं गेली. कुंकवाचा करंडा त्या दुपारी तिनं उघडला नाही.