आठ दिवस बाहेर

सून बाहेर बसली त्याला आठ दिवस झाले, आणि आठही दिवस गुणाबाईच्या तोंडाला विसावा नव्हता. ऐन धानाच्या रोवण्याचे दिवस, बांधीत हात पुरत नाहीत, अन् रुखमा घरामागच्या सपरीत, छपराखाली, पाय दुमडून बसलेली. आमच्या घरात पाच दिवस बसतात, ही नवी रीत कुठली, असं तिनं शेजारच्या शकुबाईला ऐकवलं. सुनेच्या माहेरालाही धुऊन काढलं.

पण गुणाबाई सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि त्याचा तिला ताठा होता. सकाळी ती सुनेमागं नाल्यावर गेली. रुखमा दगडावर फडकी आपटत होती. फडकी कोरी होती.

मान वर न करता रुखमानं सांगितलं. लटारू, गुणाबाईचा लेक, घुग्घुसच्या खाणीतून रोवण्यासाठी आला होता. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो सपरीत शिरला. अडचण आहे म्हटलं तरी ऐकेना. तेव्हा तिला त्याच्या जांघेतला फोड दिसला. खाणीतली गरमी आहे, जाईल, म्हणाला. तिनं त्याला बाहेर ढकललं आणि दिवस वाढवत राहिली.

गुणाबाई दगडावर टेकली. तो फोड तिला माहीत होता; बाहेरच्या बाईकडून येणारा रोग. तो रोग शिरलेल्या घरांतली मेलेली लेकरं तिनं हातात घेतली होती. पाळीच्या दिवसांत गर्भपिशवीचं तोंड उघडं असतं, रोग चटकन शिरतो, नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही, हे ती प्रत्येक नव्या नवरीला सांगायची. पोटच्या पोराला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

बांधावर मायलेकांचं काय झालं ते कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी लटारू मान खाली घालून चांद्याच्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायला निघाला.

रुखमा न्हाऊन अंगणात आली. शकुबाई कुंपणापलीकडं कान देऊन उभी होती. तिलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात गुणाबाई बोलली.

"तू मले आठ दिवस ठकवलं, रुखमा, ते मी भुलनार नाई. पन गावच्या पोरींले मी जे शिकवून राह्यली, ते माह्या घरात तूच करून दाखवलं. फोड सुकला म्हनजे रोग गेला असं नसते. डाक्तर बरा म्हनत नाई तवरिक त्याची खाट ओसरीवर, तुही खाट माह्याजवळ. तुले बी एकदा दाखवून आनू. कोनी इचारलं तं सांग, सासूचा हुकूम हाये."