दवाखान्यातच घ्यायची पुडी

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सकाळपासून दरबार भरायचा. घसा बसलाय, काय करू? पोट फुगलंय, काय घेऊ? सासूबाई कुणाला मिठाच्या गुळण्या सांगत, कुणाला नुसतं गरम पाणी. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या सुनेच्या कपाळावर आठ्या पडत.

एकदा कोपऱ्यावरचा न्हावी छाती चोळत आला. "पित्त झालंय, काकू. डावा हातही जड झालाय. आल्याचा रस द्या."

"आधी मोठ्या दवाखान्यात चला!" सून ओरडली.

"मेलो तरी जाणार नाही." दवाखान्याच्या नावानेच त्याची पाचावर धारण बसायची.

सासूबाईंनी वाद घातला नाही. पाठमोऱ्या होऊन त्यांनी झटपट पुडी बांधली. "जालीम औषध आहे. पण मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच घ्यायचं. इथे घेतलंस तर गुण येणार नाही. सूनबाई, गाडी बोलाव, तूही जा."

न्हावी पुडी मुठीत धरून निमूट निघाला.

पंधरवड्याने तो हसत आला. डॉक्टरांनी हृदयाची बंद पडलेली नस वेळेत मोकळी केली होती. "काकू, त्यांनी पुडी घेऊच दिली नाही. नुसती खिशात होती, तरी गुण आला बघा!"

तो गेल्यावर सुनेने विचारलं, "होतं तरी काय त्यात?"

"साखर," सासूबाई म्हणाल्या आणि भांडी लावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजोबा धापा टाकत अडून बसले. "डॉक्टरबिक्टर काही नको, तूच गोळी दे."

सुनेने वाद घातला नाही. दुकानात चहासाठी ठेवलेली चिमूटभर साखर घेतली आणि ती पुडी बांधू लागली.