कृष्णात आप्पांचा कन्नडातला माफीनामा

कृष्णात आप्पांनी चौतीस वर्षांच्या संसारात बायकोला "चुकलं" असं एकदाही म्हटलं नव्हतं. चुकले नव्हते असं नाही हो! चुका त्यांनी भरपूर केल्या, आणि त्याही मन लावून. पण तो एक शब्द मराठीत त्यांच्या तोंडातून बाहेर यायचा नाही. जिभेच्या टोकापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी पळायचा.

आता मात्र चांगलीच पंचाईत झाली होती. मुलाचं, दीपंकरचं, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं आणि सुलाबाई माहेरी, कोगनोळीला, भावाकडे जाऊन बसलेल्या. झालं होतं असं, की मुलीकडची माणसं बेळगावला, अनगोळच्या घरी बोलणी करायला आली होती. जेवणाच्या बेताचा विषय निघाला तेव्हा व्याह्यांनी सुलाबाईंना विचारलं, "ताई, तुमचं काय म्हणणं?" त्यांनी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "तिला काय इचारताय? तिला काय कळतंय?" बारा माणसं बसली होती. त्यातली दोघंतिघं हसलीसुद्धा. सुलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला, कपबशा विसळल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघाल्या. जाताना लेकीला, करिष्माला, एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आप्पास्नी सांग, लग्नाला येईन मी. पण मामाच्या बाजूनं. पाव्हणी म्हणून."

पाव्हणी! पोटच्या मुलाच्या लग्नात आई पाहुण्यांच्या खुर्चीत बसणार आणि आप्पा एकटे पुढे उभे राहून सगळ्यांना "या, बसा" करणार. या विचारानं आप्पांचं जेवण तुटलं. तसंही करिष्माच्या हातची आमटी फार जात नव्हती, पण ते वेगळं.

करिष्मा मानसशास्त्रात एम.ए. करत होती. दुसऱ्यांच्या घरातली भांडणं पुस्तकात वाचायला फी कशाला भरायची, असं आप्पांचं त्या शिक्षणाबद्दल स्पष्ट मत होतं. पण आता तेच तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"आप्पा, हापिसात सायबाची माफी मागत होता का न्हाय?"

"रोज! तप्पात्री सर, तप्पात्री सर. त्याला काय लागतंय?"

तप्पात्री म्हणजे कन्नडात 'चुकलं हो'. सरकारी कचेरीत एकोणतीस वर्षं आप्पांनी तो शब्द चहाबरोबरच्या बिस्किटासारखा वापरला होता.

"तेच सांगतोय मी," करिष्मा म्हणाली. ती पेटली की बेळगावच्या पोरींसारखी 'मी सांगतो' वर यायची. "लोकांच्या बोटांना यंत्र लावून बघितलंय. लहानपणीच्या भाषेत कुणी रागावलं की तळहाताला घाम येतो. मागनं शिकलेल्या भाषेत तेवढा येत न्हाय. बोलणाऱ्याला सोपं जातं. पण पुढं ऐका आप्पा, ह्याच्यात एक..."

आप्पांनी तोवर चप्पल घातली होती. मनाजोगतं अर्धं ऐकलं की उरलेलं अर्धं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

निपाणीला बस बदलून ते दुपारी कोगनोळीला पोहोचले. मेहुणा भीमरत्न मास्तर सोप्यात पेपर वाचत होता आणि सुलाबाई मेथी निवडत होत्या. आप्पांनी हात जोडले, मान थोडी वाकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तप्पात्री!"

कुठे अडखळणं नाही, काही नाही. आप्पा स्वतःवरच इतके खूश झाले, की शाबासकीसाठी त्यांनी मेहुण्याकडे बघितलं.

आता सुलाबाईंचं कन्नड आप्पांपेक्षा काकणभर सरसच. लग्नानंतरची नऊ वर्षं त्यांनी खासबागेत कानडी विणकरांच्या शेजारात काढली होती. त्यांनी मेथीवरची नजरसुद्धा उचलली नाही.

"नाळे बर्री," त्या म्हणाल्या. म्हणजे, उद्या या.

आप्पा गार पडले. हे तर त्यांचंच वाक्य! दाखल्यासाठी खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या किती माणसांना त्यांनी चष्मासुद्धा न काढता ते ऐकवलं होतं. भीमरत्ननं पेपर तोंडासमोर धरला, पण पेपर हलत होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा हजर. "तप्पात्री."

"साहेब्र ऊटक्क होग्यार," सुलाबाई म्हणाल्या. साहेब जेवायला गेलेत. आणि खरंच उठून आत जेवायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र आप्पांचं डोकं फिरलं. "अगं, किती हेलपाटं घालायचं माणसानं? पाय मोडायची येळ आली माझी!"

"कळलं का आता हेलपाटं म्हणजे काय?" सुलाबाईंनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. "बरं, खरं सांगा. तप्पात्री म्हणताना जड गेलं?"

"न्हाय. अजिबात न्हाय."

"मग मलाबी न्हाय लागलं. करिष्मानं मला फोन केलता. पुढचं सांगायच्या आत तुम्ही पळालासा म्हणं. बोलणाऱ्याला हलकं जातंय, तसं ऐकणाऱ्यालाबी हलकंच जातंय. मला काय कळतंय, हे कन्नडात म्हणाला असतासा तर मीबी हसून सोडलं असतं. पण मराठीत म्हणालासा. बारा माणसांत म्हणालासा." त्यांचा आवाज चिरकला. "चौतीस वर्षं घर सांभाळलं मी. आणि मला काय कळतंय?"

भीमरत्न पेपर घडी करून हळूच उठायला लागला. "भीमा, बस तितंच," सुलाबाई म्हणाल्या. तो बसला. भिंतीपलीकडे शेजारीण धुणं वाळत घालत होती, तिनंही झटकायचं थांबवलं.

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. तळहात धोतराला पुसले. परत ओले झाले, परत पुसले. यंत्राची काही गरज नव्हती.

"चुकलं," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, भिंतीपलीकडे जाईल असं, "चुकलं गं माझं, सुला. तुलाच सगळं कळतंय. मला घरात मीठ कुटं ठेवत्यात तेबी ठावं न्हाय. चार दिस अळणी खातोय." आणि एवढा मोठा निवृत्त माणूस टॉवेलात तोंड घालून रडायला लागला.

सुलाबाई आत गेल्या. आल्या त्या पिशवी घेऊनच. पिशवी पहिल्या दिवसापासून सोडलीच नव्हती, असं भीमरत्न पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

निपाणीला बेळगावची बस लागलीच होती. सुलाबाई खिडकीशी बसल्या, कर्नाटकात बायकांना मिळणाऱ्या फुकटच्या तिकिटासाठी आधार कार्ड हातात धरून. कंडक्टरनं कन्नडात विचारलं, कुठं?

"बेळगावी," आप्पा म्हणाले. तीन दिवस ते या बसमध्ये एकच तिकीट मागत आले होते. "एरड..." दोन. त्यापुढे द्या म्हणायचं होतं, पण तो कन्नड शब्दही जिभेच्या टोकावरूनच माघारी पळाला. कंडक्टर बघत राहिला. शेवटी आप्पांनी दोन बोटं वर केली.

सुलाबाईंनी ती बोटं बघितली आणि पदरानं हळूच त्यांचा ओला तळहात पुसला.

"करिष्माला सांगा," त्या म्हणाल्या, "हेबी लिहून घे म्हणावं."