अमोनाइटच्या खोल्या

फरशी बसवायला आलेल्या बद्रीनाथने नवी फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, ह्या फरशीत डाग हाय. लई मोठा. चितेगावला घरी जाता जाता दुकानात परत देतो, उद्या दुसरी आणतो."

गारखेड्यातल्या आमच्या घरासाठी ही जैसलमेरची पिवळी फरशी मी हौसेने निवडली होती. डाग म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. दुकानदाराची खरडपट्टी काढायची म्हणून पदर खोचून अंगणात आले आणि फरशीवर वाकले. डाग कसला! चांगलं ताटाएवढं वेटोळं होतं, आत वळत वळत बारीक होत गेलेलं.

मी ते लगेच ओळखलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीधररावांनी, जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना घेऊन कच्छला जायचे आणि पिशव्या भरभरून अमोनाइट, म्हणजे दगड झालेले जुने समुद्री जीव, आणायचे. आपल्याकडच्या काळ्या दगडात ही शंखासारखी मंडळी सापडत नाहीत, म्हणून त्यांचे लाड जास्तच. ह्या सवतींनी माझा माळा कधीच बळकावलाय.

काचबिंदूने ह्यांची नजर गेली, त्यानंतरही एखादा अमोनाइट मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत बसायचे. हल्ली तेही सोडलं होतं. गेल्या आठवड्यात म्हणाले, "भानू, माळा रिकामा करून टाक. कुणाला हवे असतील तर देऊन टाक सगळे." इतकी वर्षं मी जे मागत होते ते आयतं मिळालं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"अहो, बाहेर या आधी! फरशीत तुमचा अमोनाइट आलाय!"

काठी न घेताच आले. भिंत धरून खाली बसले. मी त्यांचा हात फरशीवर ठेवला. बोटं एकदा फिरली, दोनदा फिरली, आणि चेहरा उतरला.

"गुळगुळीत आहे गं. करवतीने मधोमध कापलाय आणि वर पॉलिश. मला काहीच लागत नाही." मग हळूच म्हणाले, "म्हणजे आतल्या खोल्या दिसत असतील. मी आयुष्यात एकही कापला नाही. धीरच झाला नाही. कसा दिसतो, सांग ना."

"जिलबीसारखा."

"जिलबीला खोल्या असतात का?" ते खेकसले. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत माझ्यावर खेकसले नव्हते.

पण सांगून भागेना. तेवढ्यात आठवलं, भाचीच्या, हिमानीच्या साखरपुड्यातला मेंदीचा एक कोन फ्रिजमध्ये उरला होता. मेंदी वाळली की रेघ वर उठून राहते. आणि गल्लीतल्या कुणालाही विचारा, मेंदीला हात माझाच लागतो.

"काकू, तो रंग जायचा नाय बरं का! दुकानवाला परत घ्यायचा नाय!"

"कोण परत देतंय? तू चहा घे."

मी बाहेरची कड धरून कोन चालवू लागले. हे शेजारी बसून बोलत होते. सगळ्यात बाहेरची मोठी खोली राहण्याची. प्राणी वाढला की पुढे सरकायचा, मागे पडदा बांधून जुनी खोली बंद करायचा. मग पुन्हा पुढे, पुन्हा पडदा. बंद खोल्यांमध्ये पांढरे स्फटिक चमकत होते. एकेक पडदा काढताना मी आणखी खाली वाकले. आत आत खोल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, तरी पडदा तसाच, तितकाच रेखीव. कोणी बघणार नव्हतं, तरी इतकं नीट बांधलेलं!

"किती जुना असेल हो?"

"दौलताबादचा डोंगर तापलेला रस होऊन वाहत होता ना, तेव्हा हा दगडात पडून दहाएक कोटी वर्षं झाली होती."

ज्या डोंगराला आम्ही जुना म्हणतो, तो ह्याच्यापुढे कालचा.

मे महिन्याच्या उन्हात मेंदी बघता बघता वाळली. त्यांनी बोट टेकवलं. बाहेरच्या खोलीतून निघाले. पडदा ओलांडला की क्षणभर थांबायचे, ओठ हलायचे. बद्रीनाथ चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. हळूहळू ह्यांच्या चेहऱ्यावर जुने सर परत आले. मी डोळे पुसले, त्यांना दिसत नाही म्हणून उघड उघड पुसले.

मध्येच बोट थबकलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"भानू, इथे चुकलीस."

"काही चुकले नाही. आहे तसंच गिरवलंय मी."

"ही खोली फार रुंद झाली. आतून बाहेर येताना ह्याच्या खोल्या बेताबेताने वाढतात. एकदम एवढी उडी तो मारणार नाही. इथे एक पडदा असलाच पाहिजे. पाणी लाव आणि नीट बघ."

दोन धडधाकट डोळ्यांनी मी गिरवलं होतं, आणि हे मला बघायला शिकवत होते! चिडूनच मी बोट ओलं केलं आणि ती खोली पुसली. दगड गडद झाला. स्फटिकांच्या मधून केसासारखी एक रेघ वर आली. बारीक, अर्धी पुसट, पण ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांचं बोट मी त्या रेघेच्या टोकावर नेऊन ठेवलं आणि पुन्हा कोन उचलला.

"आहे. थांबा, काढते."