चारशे सतरा किडे

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी व्यापारी मंडळाच्या सभागृहातला पडदा लाल झाला. पडद्यावर आकडा चढत गेला: ऐंशी, दीडशे, तीनशे. चारशे सतरावर थांबला. मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

पडद्याला जोडलेला संगणक दादाच्या छापखान्याचा होता. दादाची धाकटी बहीण तिसऱ्या रांगेत बसली होती. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम तिचं. कुणाची चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला भिंग म्हणत. तिला आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. आकडा चढताना कुठे अडखळला नाही, याचं वाटलं. त्यांचा संगणक साधं पान उघडायलासुद्धा दम घ्यायचा.

"चारशे सतरा किडे!" व्यासपीठावरचा माणूस म्हणाला. त्याने पांढरा कोट घातला होता आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला होता. फलकावर 'व्हायरस डॉक्टर' असं लिहिलं होतं. "हे तुमच्या मशीनमध्ये राहतात, खातात, झोपतात, आणि भाडं देत नाहीत! मालक, मला सांगा, घरात चारशे पाहुणे असताना तुम्ही रात्री झोपता तरी कसे?"

लोक हसले. दादा हसला नाही. त्या संगणकात बाबांचा कोश होता. सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांच्या तोंडचे चौदा हजार शब्द बाबांनी एकोणीस वर्षं दारोदार फिरून गोळा केले होते. बाबा गेले, कोश अर्धा तपासायचा राहिला. ते काम आता भिंगकडे होतं.

डॉक्टरने एक कळ दाबली. पडदा हिरवा झाला, आकडा शून्य. टाळ्या पडल्या.

"आणि मशीनमध्ये फुकट मिळालेली जी सुरक्षा आहे ना, ती आम्ही बंद करतो," डॉक्टर म्हणाला. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. फुकटची तलवार भाजी चिरायला ठीक!"

दादाने तिथल्या तिथे डॉक्टरचं तीन वर्षांचं संरक्षण, 'महाकवच', विकत घेतलं. त्याच पैशांत दुसरी डिस्क घेऊन कोशाची प्रत करायची, असं दोघांचं महिनाभर ठरत होतं.

"दादा, आधी डिस्क घ्यायची होती," ती जिन्यात म्हणाली.

"घर किड्यांनी भरलं होतं आणि तू कपाट विकत घ्यायला निघालीस?"

"कपाट नाही. दुसरं घर."

"तुला सगळ्यात खोट काढायची सवय लागलीय."

"त्याचाच पगार देतोस."

गुरुवारी दुपारी शेजारचा शिंपी छापखान्यात आला. डॉक्टर प्रत्येकाला शिक्का मारलेला 'रोगनिदान अहवाल' देत असे, किड्यांच्या नावांची भलीमोठी यादी. शिंप्याला त्याचा अहवाल लॅमिनेट करून हवा होता.

"दुकानात लावतो. गिऱ्हाइकाला कळू दे, इथे मापंसुद्धा निर्जंतुक आहेत."

"किती निघाले तुमच्याकडे?"

"तीनशे एकोणनव्वद. तुमच्यापेक्षा कमी!" शिंपी अभिमानाने म्हणाला.

भिंगने त्याचा अहवाल घेतला आणि फाइलमधून छापखान्याचा काढला. एक कागद दुसऱ्यावर ठेवून तिने दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. जुनं मुद्रित खाली, नवं वर, मागून उजेड: चूक शोधायची ही रीत बाबांची. ओळ ओळीवर बसली. पहिलं नाव पहिल्यावर, साठावं साठाव्यावर. शिंप्याची यादी तीनशे एकोणनव्वदाव्या ओळीला संपली, छापखान्याची पुढे चालू राहिली. तोवर एका नावाचाही फरक नव्हता.

"दोन माणसांना एकच आजार होऊ शकतो," शिंपी म्हणाला.

"एकाच क्रमाने तीनशे एकोणनव्वद आजार?"

शिंप्याने कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला. मग म्हणाला, "लॅमिनेट तर करून द्या."

संध्याकाळी तिने कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या मैत्रिणीला बोलावलं. मैत्रिणीने तासभर कवचाची चिरफाड केली. ते काहीच शोधत नव्हतं. यादी आधीच आत लिहिलेली होती. मशीनमध्ये काहीही असो, ते यादीतल्या तीनशे ते सव्वाचारशे ओळी वाचून दाखवत होतं. कळ दाबली की आकडा शून्य.

"खरी गोष्ट एवढीच केली की मशीनची स्वतःची सुरक्षा बंद केली," मैत्रीण म्हणाली. "ती बरी होती. आता दार सताड उघडं आहे, बाहेर पाटी मात्र 'कुत्र्यापासून सावध राहा'."

"मग काढ ते."

"थांबा," दादा म्हणाला. "पैसे मोजलेत मी. शनिवारी तो पुन्हा येतोय. तोंडावर विचारू. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"निदान कोश तरी दुसरीकडे उतरवून घेऊ."

"उद्या."

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला दादाने एक ईमेल उघडली. विषय होता 'पुस्तकछपाईचे नवे काम', सोबत एक फाइल. कवचाचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणून त्याने फाइलही उघडली. दहा वाजेपर्यंत संगणकातलं एकही पान उघडेना. पडद्यावर खंडणीचा मजकूर होता: फायलींना कुलूप लावलंय, पैसे भरा, मग किल्ली. त्याच्या कोपऱ्यात हिरवी ढाल तशीच: 'आपण सुरक्षित आहात.'

भिंग येऊन पडद्यासमोर उभी राहिली. दादा खुर्चीत बसला होता, हात मांडीवर.

"बोल ना," तो म्हणाला. "शिव्या दे."

"त्याने फाइल उघडणार आहे का?"

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. भिंग दुकानातून नवीन पेन ड्राइव्ह घेऊन गेली. पाकीट तिने सगळ्यांसमोर फोडलं.

"डॉक्टर, ही तपासा. आत्ताच जन्मलीय."

"ताई, हल्ली कारखान्यातच लागण होते," डॉक्टर म्हणाला. "आईच्या पोटातूनच!" त्याने पेन ड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपला लावली. पडदा लाल झाला. साठ, नव्वद, दीडशे.

भिंग व्यासपीठावर चढली, पेन ड्राइव्ह उपसली आणि मुठीत धरली.

पडद्यावरचा आकडा चढत राहिला. दोनशे. तीनशे दहा. चारशे दोनवर थांबला.

"किडे कुठे सापडले डॉक्टर? पेन ड्राइव्ह तर माझ्या मुठीत आहे."

मग मागून एकजण हसला आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. डॉक्टरने कानाला फोन लावला, "हॅलो, आवाज येत नाहीये," असं म्हणत तो बाहेर गेला. स्टेथोस्कोप टेबलावरच राहिला.

भिंगने दोन्ही अहवालांच्या प्रती वाटल्या. "खिडकीला लावून पाहा," ती म्हणाली. "संरक्षण विकत घ्यायला माझी ना नाही. विकतचं सगळंच खोटं नसतं, काही चांगलंही असतं. पण घेण्याआधी विचारा: मशीनमध्ये आधीच आहे, त्याहून हे जास्त काय करतं? ते विकणाऱ्याखेरीज कुणी तपासलंय? आणि सगळं करूनही मशीन बुडालं, तर दुसरी प्रत कुठे आहे? आमच्याकडे नव्हती. आमच्या बाबांची एकोणीस वर्षं काल वीस मिनिटांत गेली."

"पण ताई," चष्म्याच्या दुकानाचा मालक म्हणाला, "माझा लॅपटॉप कवच घातल्यापासून पळतोय. त्याचं काय?"

"मशीनमधल्या राखणदाराला हाकललंत. घरातली गर्दी एकाने कमी झाली."

तो मान डोलावत बसला. पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

डॉक्टरचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आहे. पलीकडच्या गावात परवा पांढऱ्या कोटातल्या एकाने सभागृहाची चौकशी केली, असं ऐकिवात आहे. मैत्रीण म्हणते, कुलूप आज उघडणार नाही, कधीतरी किल्ली मिळेलही, संगणकातली डिस्क फेकू नका. डिस्क कपाटात आहे. चौदा हजारांपैकी पाच हजार दोनशे शब्दांची मुद्रितं कागदावर सापडली. ती दादा रोज दुपारी टाइप करतो आणि संध्याकाळी कुणी न सांगता दोन नव्या डिस्कांवर उतरवतो.

महाकवच घेतलेल्या बेचाळीस दुकानांपैकी काल संध्याकाळपर्यंत सातांनी ते काढलं होतं. शिंप्याचा अहवाल भिंतीवर आहे.