अंगणात उलटा पुरलेला संत

इकडेतिकडे शोधू नका, जरा वर बघा. फडताळावर औषधांच्या बाटल्या आणि चष्म्याचं घर यांच्या मागे वीतभर उंचीचा जो लाकडी म्हातारा उभा आहे, तो मी. संत योसेफाची मूर्ती. मूर्ती म्हणतोय, हे ध्यानात ठेवा. खरे संत योसेफ वर आहेत, त्यांच्याबद्दलची गाऱ्हाणी त्यांच्याकडेच न्या. मी नुसतं लाकूड. पण मलाही कान आहेत, आणि ते चांगले कोरून काढलेले आहेत.

एका सुतारानं मला घडवलं. लग्न झाल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. दाराच्या चौकटीतून एक तुकडा उरला, त्यातून मी निघालो. योसेफ म्हणजे सुतारांचे संत. तेव्हा माझ्या हातात करवत द्यावी की चित्रांत योसेफाच्या हाती असते तशी लिलीची फुलं आलेली काठी, यावर नवराबायकोचा आठवडाभर वाद चालला होता. शेवटी बायको म्हणाली, "करवत तुमच्या हातात रोज बघते, तेवढी पुरे." मग काठी ठरली. नाक मात्र जरा जास्तच तासलं गेलं. "असू दे," ती म्हणाली, "नाक छोटं असलं की माणूस दुसऱ्याच्या भानगडीत खुपसत नाही." तेव्हा ती फार थट्टेखोर होती. गल्लीत सगळे तिला सुतारीण म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

माझा सण एकोणीस मार्चला असतो. तो ईस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात येतो, म्हणून त्या दिवशी टेबलावर मांस नसायचं. भाज्यांचं सूप, उकडलेली कडधान्यं, फळं आणि फादरांनी आशीर्वाद दिलेला मोठा पाव असायचा. मला मधोमध उभं करायचे. गल्लीत ज्याच्या घरी सगळ्यात कमी असेल, त्याला बोलावून मुख्य खुर्चीवर बसवायचे. घरच्या मुलानं वाढायचं, आणि पाहुण्यानं पहिला घास घेईपर्यंत घरच्या कुणी खुर्चीला हातसुद्धा लावायचा नाही, असा नियम. एका वर्षी दारुडा चांभार आला आणि जेवणाआधी तीन गाणी म्हणाला. सूप गार झालं, पण सुतार हात बांधून उभा राहिला. वर्षाचे बाकीचे दिवस ज्याला दारातून वाटेला लावायचं, त्याला एक दिवस मुख्य खुर्ची. मी तेव्हा नवा होतो, मला ते फार थोर वाटायचं.

सुतार गेला, मुलाचं लग्न होऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहायला गेला, आणि घरात सुतारीण आणि मी उरलो. तिसरी म्हणायची तर निळीबाई. ती आठवड्यातून दोनदा धुणं धुवायला यायची. कपड्यांना नीळ घालून घालून तिची नखं निळी झाली होती, म्हणून हे नाव. बावीस वर्षं ती मागच्या अंगणातल्या दगडापाशी उकिडवी बसून त्या घरचे कपडे धूत होती. येताजाता माझ्या पायांना बोट लावायची. एकदा तिची मुलगी तापानं फणफणली, तेव्हा तिनं विचारलं होतं, "काकू, दोन दिवस योसेफाला घरी नेऊ का? पोरीच्या उशाशी ठेवते."

"माझा योसेफ उंबरठा ओलांडत नाही," सुतारीण म्हणाली. निळीबाईनं मान डोलावली आणि बादली उचलली. मुलगी पुढे बरी झाली, पण ती मागणी सुतारणीच्या लक्षात राहिली.

मग सुतारणीचे गुडघे गेले. मुलानं घर विकायचं काढलं. "आई, आमच्याकडे ये, लिफ्ट आहे," म्हणाला. तिनं रडतकढत होकार दिला. पण वर्ष उलटलं तरी घराला गिऱ्हाईक मिळेना. लोक यायचे, भिंतींवर टकटक करायचे, ओल हुंगायचे आणि निघून जायचे. तेव्हा घरांच्या दलालानं मुलाच्या कानात एक तोडगा सांगितला. संत योसेफ अंगणात पुरायचा, डोकं खाली, पाय वर. संताला गुदमरायला लागलं की तो आपणच गिऱ्हाईक शोधून आणतो. घर विकलं की काढायचा आणि नव्या घरात मानानं ठेवायचा.

भक्तीचा हा प्रकार मला नवीन होता. संताला मेणबत्ती लावायची, फुलं वाहायची, आणि काम अडलं की त्याचं मुंडकं मातीत खुपसायचं!

एका रविवारी सुतारीण चर्चमध्ये मिस्साला गेली असताना मुलगा आणि सून आले. सून म्हणाली, "आईंना विचारूया का?"

"विचारलं तर पुरू देईल का ती?"

"निदान पिशवीत तरी घाला. घाण होईल तो."

"दलाल म्हणाला, अंगाला माती लागली पाहिजे."

धुण्याच्या दगडाजवळची माती मऊ होती. तिथं खुरप्यानं खड्डा झाला आणि मी आत गेलो, डोक्याकडून. तोंडात माती, काठीत माती, झग्याच्या चुण्यांत माती. वरून मुलानं पाय आपटून जमीन सारखी केली. लहानपणी हाच मुलगा टेबलाभोवती सूप वाढत फिरायचा, आणि सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढायचा.

सुतारीण परत आली आणि बघते तो माझा कोनाडा रिकामा. सण दहा दिवसांवर आलेला. तिनं पिठाचा डबा पालथा केला, गाद्या उचकटल्या, पलंगाखाली काठी फिरवली. मला खालून नुसती धडधड ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारात उभी राहून मुलाशी फोनवर बोलली. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण हिची उत्तरं ऐकली. "नाही रे, परकं कोण येणार? निळीबाई तेवढी... छे, ती नाही तसली... हो, मागितला होता एकदा... हो रे, माझ्याकडेच मागितला होता."

म्हणजे मुलगा नुसता मूग गिळून बसला नव्हता, त्यानं बोटही दाखवलं होतं.

निळीबाई मंगळवारी आली. माझ्या डोक्यावर, म्हणजे खरं तर माझ्या पायांवर, तिनं बादली टेकवली. सुतारणीनं तिला तिथंच गाठलं.

"कुठे ठेवलास?"

"काय काकू?"

"माझा योसेफ. दे परत, मी कुणाला काही बोलणार नाही."

बादलीत नळ चालूच होता. मग निळीबाई म्हणाली, "बावीस वर्षांत तुमच्या खिशात राहिलेली चिल्लर मी धुवून, वाळवून खिडकीत ठेवली. आणि तुम्ही मला देवाघरच्या वस्तूचं विचारता?"

"मग गेला कुठे? पाय फुटले त्याला?"

तिनं नळ बंद केला. ओले कपडे पिळून दोरीवर घातले, काम अर्धवट टाकलं नाही, आणि गेली. ती पुन्हा त्या अंगणात आली नाही. मी तिच्या चार बोटं खाली होतो. ओरडता आलं असतं तर एका हाकेत सगळं मिटलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती कशी देतात, हे मी मातीखालून ऐकलं.

त्या वर्षी माझ्या सणाला टेबल मांडलं नाही. सुतारीण दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली. तिनं मुद्दाम नाव कुठंच घेतलं नाही, पण "घरात येऊनजाऊन एकच बाई" एवढं म्हणायची, आणि गल्लीला तेवढं पुरलं. शिक्षिकेनं निळीबाईला काम सांगायचं थांबवलं, मग बेकरीवाल्यानं, मग डॉक्टरांच्या बायकोनं. चर्चमध्ये ती शेजारी बसली की बायका पर्स दुसऱ्या बाजूला घ्यायच्या, असं सुतारीणच एकदा शेजारणीला सांगत होती. सांगताना तिचा आवाज जरा खाली आला, पण सांगितलं तिनं.

हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत अंतोनी. सुतारीण आता रोज त्यांना मेणबत्ती लावू लागली. म्हणजे बघा, एका संताला मुलानं पुरायचं आणि दुसऱ्याला आईनं शोधायला लावायचं! मायलेकांपैकी कुणी घरातल्या माणसांकडे मात्र बघायचं नाही.

जूनमध्ये घर विकलं गेलं. सूनबाईनं मला उकरून काढलं, मुलानं नळाखाली घाईघाईनं धरलं आणि रुमालानं पुसलं. मग दोघांची पाचावर धारण बसली. आईला सांगायचं काय?

"खरं सांगा," सून म्हणाली. "आई आहेत, खातील थोडंच?"

"आणि त्या बाईचं काय? तिच्यासमोर मी हात जोडू?"

त्यानं मला फ्लॅटमध्ये आईच्या मांडीवर ठेवलं तो दिवस नेमका संत अंतोनींच्या सणाचा होता. म्हणाला, "निळीबाईनं आणून दिला. रडत होती. कुणाला सांगू नका म्हणाली." सुतारणीनं माझे मुके घेतले, अंतोनींचे आभार मानले आणि डोळे पुसून म्हणाली, "बिचारी. मी तिला क्षमा केली." त्या क्षणी मला पुन्हा मातीत जावंसं वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये सुतारणीनं हट्ट धरला की टेबल मांडायचं, आणि मुख्य खुर्चीवर निळीबाईलाच बसवायचं. मुलगा "कशाला आई, ती यायची नाही" म्हणत राहिला. पण तिनं फादरांच्या हाती निरोप धाडला: योसेफ सापडलाय, काकूंनी जेवायला बोलावलंय.

आणि निळीबाई आली. इस्त्रीचे कपडे घालून, चक्क हसत. जरा वाळली होती. दारातूनच म्हणाली, "सापडला ना काकू? असेल कुठंतरी घरातच, नाही का?"

सुतारणीनं तिचे दोन्ही हात धरले. "जाऊ दे गं ते. तू परत आणून दिलास, त्यातच सगळं आलं. मी तुला केव्हाच क्षमा केली. बस, आज ही खुर्ची तुझी."

निळीबाई बसली नाही. "मी आणून दिला? कुणाकडे?"

"याच्याकडे. आता लाजू नको."

मुलगा सूपचं पातेलं घेऊन उभा होता. निळीबाईनं त्याच्याकडे बघितलं. तो पळीनं सूप ढवळत राहिला. मग तिनं टेबलावरून मला उचललं, आडवं केलं, आणि झग्याच्या चुणीत नख घालून थोडं खरवडलं. तळहातावर वाळलेली माती पडली.

"काकू, चष्मा लावून बघा. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, घरात एक कुंडी नाही. ही माती, हा साबणाचा चुरा, ही नीळ. तुमच्या अंगणातल्या दगडापाशी बावीस वर्षं मीच सांडलेली. मी चोरला असता तर तुमच्याच दारात कशाला पुरला असता?"

सुतारणीनं चष्मा लावला. माती बघितली, मग मुलाकडे बघितलं. सून टेबलक्लॉथवरची सुरकुती सारखी करत होती. सुतारीण काही भोळी नव्हती. तिला सगळं कळलं. मी समोरच होतो, मी सांगतो, तिला त्याच घटकेला सगळं कळलं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. तिचं घर गेलं होतं, आणि ज्या खोलीत तिचा पलंग होता ती मुलाची होती. तिनं चष्मा काढला, घडी घातली आणि म्हणाली, "सूप गार होतंय. बस गं, जेवून घे."

निळीबाईनं मला जागेवर ठेवलं. "क्षमा नको होती मला, काकू. ही चोर नाही, एवढं तुम्ही म्हणाला असतात तर उभ्यानं जेवले असते." आणि ती गेली. लिफ्टसाठी थांबली नाही, जिन्यावर तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

पाहुण्यानं घास घेतला नव्हता, म्हणजे घरच्यांनी खायचं नाही. मग मुलगा म्हणाला, "आता काय सगळ्यांनी उपाशी राहायचं?" आणि त्यानं मुख्य खुर्ची ओढून घेतली. सून बसली. शेवटी सुतारीणही बसली. तिनं आशीर्वादाचा पाव मोडला, सूपात बुडवला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मांडीवर घेतलं, आणि सुईनं माझ्या झग्याची चुणीन् चुणी साफ केली. मातीचा एक कण राहू दिला नाही. वरून तेलाचा हात फिरवला. सून म्हणाली, "किती छान चकाकतोय."

याला दोन वर्षं झाली. सुतारीण रोज माझ्यासमोर हात जोडते. गुडघे, झोप, नातीची परीक्षा, सगळं मागते. ते नाव मात्र तिच्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. आणि जुन्या गल्लीत निळीबाई अजून चोरच आहे, कारण इथली अळीमिळी गुपचिळी मोडणारं कुणी नाही. माझे ओठ सुतारानं एकाच लाकडात मिटलेले कोरले.

म्हणून तुम्हांला विनवतो. ती चर्चच्या मागच्या गल्लीत राहते. तिला समजवायला तीन जिने चढू नका, तिला सगळं ठाऊक आहे. खाली रस्त्यातच उभे राहा आणि मोठ्यानं ओरडून सांगा, की योसेफ हिनं चोरला नव्हता. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्याशिवाय थांबू नका.