नाही म्हटल्याचा राग

आईचा आरशांचा कारखाना होता. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत तयार आरसे तपासले जात. ते काम फिकेकाकांचं. ते व्हँपायर आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. "आम्ही आपलंच थोबाड बघत बसतो," मोठे मिस्त्री म्हणायचे, "ह्याचं मध्ये येतच नाही. डाग ह्यालाच दिसणार." दुपारी खाटकाकडून त्यांची बाटली यायची. माणसाचं रक्त त्यांनी सोडलं होतं. शेवटचं प्यायले ते माझ्या मामाचं.

त्यानंतर तेच आईच्या दारात येऊन उभे राहिले होते. मारायचं तर मार, म्हणाले. आईने त्यांना कामाला लावलं. माफ मात्र केलं नाही. ते विचारत, ती म्हणे, "काच बघ." ते तिला ताई म्हणत. तसं म्हण, असं तिने कधी सांगितलं नाही, अडवलंही नाही.

आईच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या पाया पडले. तिला चावा, म्हटलं, म्हणजे ती राहील. ते नाही म्हणाले. ती गेली. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

आज दुपारी मागच्या खोलीत गेले, तर ते कोट घालून दाराशी उभे. बाहेर लख्ख ऊन.

"कुठे निघालात?"

"बाहेर. राख व्हायला फार वेळ लागत नाही म्हणे." मग हळूच, "माफ करायला ताई होत्या. आता तूच आहेस. करतेस का? नाहीतर थांबून काय करू?"

"आधी सांगा, आईला का जाऊ दिलंत?"

"मी ताईंना विचारलं होतं. घाबरल्या होत्या गं. हो म्हणाल्या. मान पुढे केली."

"मग?"

"मग मला भूक लागली. तुझ्या मामाच्या वेळी लागली होती, तशीच. वाचवायला नसतो वाकलो, पोरी. प्यायला वाकलो असतो."

"ती काय म्हणाली?"

"चिडल्या. म्हणाल्या, 'मेल्या, आयुष्यात एकदा काही मागितलं तर नाही म्हणतोस!' मग हसल्या. माझा हात मात्र सोडला नाही."

माफीबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. ती दुसऱ्याच्या वतीने देता येते, असं सांगणारं एकही पुस्तक मला पटलेलं नाही.

"मामाचं मला माफ करता येणार नाही," मी म्हटलं. "ते मामाचं होतं, फार तर आईचं. दोघंही नाहीत. ते तुम्हाला आता कुणाच्याच तोंडून ऐकायला मिळणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि कडीला हात घातला.

"थांबा, माझं झालं नाही. आईला नाही म्हणालात, त्याचा राग माझा होता. तो मी सोडला."

"तेवढंच?"

"तेवढंच माझ्या हातात आहे. बाकीचं घेऊन जगा. उन्हात जाऊन सुटायचं नाही."

बऱ्याच वेळाने ते कोटाची बटणं सोडू लागले. मला रडू आलं, ते त्यांच्यासमोरच. मी लपवलं नाही.